ग्विदासचा घोटा

ग्विदास मोसमाअखेरच्या प्लेऑफला खेळणार, याबद्दल मला कधी शंका नव्हती. हा काही साक्षात्कार नव्हे. आमच्या लाकडी जिन्यावरून तो कसा उतरतो, ते मी रोज सकाळी ऐकत होते. मार्चमध्ये तो पायऱ्यांवर बसत बसत उतरायचा. पुढे कुबड्यांची ठकठक सुरू झाली. मग एक पाऊल जड, एक हलकं. आणि मे लागल्यावर एका सकाळी मी चुलीपाशी जपमाळ घेऊन बसले होते, तर जिना असा धडधडला, जसा तो शाळेत असताना धडधडायचा. मी त्याला रागावले. माळेचा पुढचा मणी मात्र हसतच ओढला.

ग्विदास माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ती नॉर्वेला मासळीच्या कारखान्यात कामाला गेली, तेव्हा तो माझ्याकडे राहिला तो राहिलाच. क्लेओपासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कोठाराच्या भिंतीवर पिंपाचं लोखंडी कडं ठोकून दिलं आणि त्या कड्यात चेंडू टाकत पोरगा छपराएवढा उंच झाला. मोठमोठ्या शहरांकडून बास्केटबॉल खेळला. गेल्या शरदात परत आला आणि म्हणाला, "मावशी, आता जे काही खेळायचं ते वेर्स्मेकडून." त्याच मोसमात आमचं एवढंसं वेर्स्मे पहिल्यांदा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलं. आणि त्याच मोसमात, मार्चमध्ये, उडी मारून उतरताना त्याचा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट फाटलं.

संघाची डॉक्टर नेरिंगा आमच्याच गल्लीतली. माझी शेजारीण याद्विगा, तिची मुलगी. डोळ्यांसमोर वाढलेली पोर, पण एकदा गळ्यात ते संघाचं ओळखपत्र अडकवलं की आपल्या आईलाही ओळख देत नाही. तिचा नियम साधा: सुजलेला पाय मैदानावर जात नाही. दुसरा नियम तिने खास माझ्या नवऱ्यासाठी केला होता. ग्विदासला पहिल्यांदा घरी सोडलं, त्या दिवशी सगळा संघ दारात उभा असताना तिने क्लेओपासचा हात धरला आणि म्हणाली, "काका, मी सांगेपर्यंत वाफ नाही, शेक नाही, डहाळ्या नाहीत. शब्द द्या."

क्लेओपासने शब्द दिला. पोरं हसली. तो नाही हसला.

कारण तळ्याकाठची ती वाफेची न्हाणी म्हणजे क्लेओपासचं राज्य. दर शनिवारी धूर निघाला की अर्धं वेर्स्मे टॉवेल काखोटीला मारून येतं. कुणाची पाठ धरलेली, कुणाची मान अडकलेली. हा तापल्या दगडांवर पाणी ओततो, डहाळ्यांच्या जुड्या भिजवतो आणि माणसाला झोडपून काढतो. पाठीला बर्च, निराश माणसाला ओक आणि सांध्याला जुनिपर. जुनिपरला बारीक सुयांसारखे काटे असतात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने माझ्या गुडघ्यांवर त्याचा प्रयोग केला होता. पुन्हा मी गुडघा दुखतो असं त्याच्यासमोर म्हटलेलं नाही.

किनाऱ्यावरच्या शहराशी आमची मालिका सुरू झाली. जो तीन सामने जिंकेल तो पुढे. पहिले दोन त्यांच्याकडे झाले, दोन्ही आम्ही हरलो. तिसरा शुक्रवारी आमच्या सभागृहात झाला, तो जिंकलो. चौथा बुधवारी, तोही आमच्याकडे. हरलो तर मोसम तिथेच संपणार होता. ग्विदास संघाबरोबर धावायला, उड्या मारायला लागला होता, आणि सोमवारी सकाळी नेरिंगा त्याचा पाय तपासून हो म्हणणार, हे पावाच्या दुकानातल्या मुलीलाही ठाऊक होतं.

मधे पवित्र आत्म्याचा सण आला. सणाच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरची न्हाणी तापते. पारोशा अंगाने त्या दिवशी चर्चमध्ये कुणी जात नाही. मी याद्विगाबरोबर वेदीला बर्चच्या कोवळ्या फांद्या बांधायला गेले होते, घरी हे दोघेच. परतले तेव्हा दोघेही न्हाऊन, केस विंचरून, ओट्यावर राईचा पाव आणि पनीर खात शहाण्यासारखे बसले होते. इतके शहाण्यासारखे बसलेले पाहून मला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं.

रविवारी मिरवणुकीला क्लेओपास रबरी गमबूट घालून आला.

"हे काय?" मी विचारलं.

"गवत ओलं असतं सकाळी."

आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. पण मिरवणुकीत मी नवऱ्याशी वाद घालत नाही.

सोमवारी दुपारी ग्विदास घरी आला, बूट काढले, आणि स्वयंपाकघराच्या बाकावर बसला.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"बुधवारी नाही?"

"ही मालिकाच नाही, मावशी. सूज आहे. आठवडाभर सरावात जोर वाढवला आणि आता सूज, म्हणजे लिगामेंट अजून तयार नाही म्हणाली. मागे जा म्हणाली. पुन्हा पोहण्याच्या तलावात चालायचं, म्हाताऱ्या बायकांबरोबर."

"म्हाताऱ्या बायकांना काय झालं?"

"काही नाही. त्या माझ्यापेक्षा जोरात चालतात."

"दुखतंय का पण?"

"तेच तर ना. काडीचंही दुखत नाही. रागाने दुखतंय, पाय नाही दुखत."

मी गोठलेल्या मटारची पिशवी काढली, स्टुलावर पाय ठेवायला सांगितला आणि त्याचा मोजा उतरवला. घोटा फुगलेला होता खरा. पण त्याच्यावर लालसर बारीक टिपके होते, भट्टीत सारण्याआधी पावाच्या पिठाला काट्याने टोचावं तसे. घोट्यावर, टाचेच्या मागे, थेट पोटरीपर्यंत.

"आणि हे?"

"खाजकुयली. तळ्याकडे गेलो होतो." त्याने खिडकीबाहेर बघितलं. "नेरिंगालाही तेच सांगितलं."

हा मुलगा खोटं बोलला की त्याचे कान तांबडे होतात. चेंडू पुढे टाकण्याचा आव आणून मागे टाकतो तेव्हा सगळं सभागृह फसतं, पण घरात त्याला दुधाचा ग्लास फोडलेला लपवता यायचा नाही.

"शनिवारी न्हाणीत काय झालं?"

"मावशी, मी शब्द दिलाय."

त्या दिवशी न्हाणीत दुसरा माणूस एकच होता. "मग नको सांगूस," मी म्हटलं. "दिलेला शब्द पाळायचा." आणि मटार त्याच्या पायावर नीट बसवून मी मागच्या दाराने तळ्याकडे गेले.

आधी न्हाणीत डोकावले. खुंटीवर जुनिपरची जुडी होती. दमट होती आणि निम्मी झडलेली. बाहेर क्लेओपास लाकडं रचत होता. गमबूट पायातच.

"पोराला नेरिंगाने नाही म्हटलंय."

"कळलं. याद्विगाने दुकानात सांगितलं. त्या बाईची जीभ चर्चच्या घंटेला बांधली तर शेजारच्या गावालाही वेगळी घंटा नको."

"सूज आहे म्हणे."

"असणारच. हे कोच लोक पोरांना घोड्यासारखं पळवतात."

"क्लेओपास, जुनिपरची जुडी ओली का आहे?"

तो हातातल्या ओंडक्याकडे बघत राहिला, जणू उत्तर त्याच्या सालीवर लिहिलेलं आहे.

"हळूच मारली," शेवटी म्हणाला. "देवाशपथ, अगदी हळू."

"देवाला यात आणू नकोस."

"नुसतं रक्त खेळतं राहावं म्हणून. अगं, त्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बर्फ यांनी कुणाचा सांधा बरा झालाय? माझ्या हातून किती लोक चालत गेलेत, तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. जा आणि नेरिंगाला सांग."

"वेड लागलंय तुला. सगळ्या संघासमोर हात धरून तिने माझ्याकडून वदवून घेतलं. उद्या गावात तोंड दाखवता येईल का मला? शनिवारी न्हाणीला येईल तो म्हणेल, काका, आज डॉक्टरबाईंची परवानगी घेतलीत का?"

"म्हणतील. आठवडाभर म्हणतील."

"वर्षभर म्हणतील. आपल्या गावात दुसरा विषय काय आहे?"

मी ओंडक्यावर बसले. मी भांडत नाही. मला ते जमत नाही, आणि मे महिन्यात तर आवाज चढवायचा नाही असं मी ठरवलेलंच असतं. मी गप्प बसले की त्याला बोलावं लागतं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे. तसा तो थोड्या वेळाने बोललाच, आणि या वेळी लाकडांशी बोलल्यासारखं.

"ती म्हणेल, काका, तुम्हीच त्याचा पाय घालवलात. बरा होत आला होता, तुम्ही घालवलात. गाव हसलं तर हसू दे, स्तासे. पण हे मला ऐकवणार नाही. ते कडं भिंतीवर मी ठोकलं होतं."

त्याच्या मनात काय आहे ते मला तेव्हा नीट कळलं. गमबूट, ओलं गवत, कोच लोक, सगळं त्याच्याभोवतीचं कुंपण होतं.

"नीट ऐक," मी म्हटलं. "सूज सरावामुळे आली असेल, तर पोराचा घोटा अजून कच्चा आहे आणि त्याचं वर्ष संपलं. पण सूज तुझ्यामुळे आली असेल, तर घोट्याला काही झालेलंच नाही. वाफेने आणि काट्यांनी फुगलाय, तो उतरेल. मग आज या घरासाठी जास्त चांगलं काय?"

त्याने विचार केला. त्याला वेळ लागतो, पण तो मन लावून विचार करतो.

"माझी चूक असलेली बरी?"

"मी तर आज संध्याकाळी त्याचीच प्रार्थना करणार आहे."

"इतकी वर्षं संसार केलास, माझी चूक असावी म्हणून कधी प्रार्थना केली नव्हतीस."

"कधी गरज पडली नाही," मी म्हटलं.

तो हसला नाही, पण ओंडका खाली ठेवला. "तूच सांग ना तिला. तुझं ऐकेल ती."

"शब्द तू मोडलास. पोराने तुझ्यासाठी शब्द पाळला, त्यासाठी मोसम सोडायला निघालाय. मी मधे कोण?"

"बघू," तो म्हणाला. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ काहीही होऊ शकतो.

मे महिन्यात रोज संध्याकाळी आमच्या फाटकाजवळच्या क्रुसापाशी मरियेची प्रार्थना होते. याद्विगा सांगते, आम्ही बाकीच्या तिच्या मागून गातो. कुणी घडीचं स्टूल आणतं, कुणी शेजारणीसाठीही आणतं. पुरुष आले तर मागे कुंपणाला टेकून उभे राहतात, टोपी हातात. त्या दिवशी लायलॅक इतका फुलला होता की याद्विगाला दोनदा शिंका आल्या. ग्विदास बाकावर बसला होता, पाय लांब करून. त्याच्याकडे बघून बायका हळू आवाजात हळहळत होत्या, आणि हळहळ माणसाला किती खाली बसवते ते मी बघत होते.

आईला न्यायला नेरिंगा गाडी घेऊन आली. मरियेच्या नावांची लितानी चालू होती म्हणून गाडीपाशीच थांबली आणि ओठातल्या ओठात म्हणू लागली, आम्हासाठी विनंती कर, आम्हासाठी विनंती कर. शेवटचं आमेन झालं. याद्विगाने पुस्तक मिटलं आणि लगेच ग्विदासकडे वळली.

"काय रे, मी दोन तिकिटं काढली होती बुधवारची. आता कुणाला बघू, कोचच्या टकलाला?"

"त्याचं टक्कल सुजलेलं नाही, मावशी. बघा खुशाल."

तेवढ्यात क्लेओपास आला. गमबुटातला पाय ओढत, टोपी छातीशी धरून. सगळ्या बायकांच्या मधून तो थेट नेरिंगासमोर गेला.

"डॉक्टर," तो म्हणाला.

पाळण्यात होती तेव्हापासून तो तिला नेरिंगे म्हणतो. बायकांनी स्टुलं मिटायचं थांबवलं.

"बोला काका."

"शनिवारी न्हाणी तापवली होती मी."

"सगळ्यांनीच तापवली होती. सण होता."

"पोराला आत घेतलं."

"आंघोळीला?"

"आंघोळीलाही."

नेरिंगाने गाडीची किल्ली खिशात टाकली. "कशाने?"

"जुनिपर."

"उकळत्या पाण्यात भिजवून?"

"मग गार पाण्यात? गार पाण्यात काटे नरम कसे पडतील?"

"हे पवित्र मरिये," याद्विगा म्हणाली.

"याद्विगा, प्रार्थना संपली," क्लेओपास म्हणाला. "मला बोलू दे. डॉक्टर, शब्द मी मोडला. पोरगा नको म्हणत होता. मी म्हटलं, मी आणि तू, तिसऱ्याला कळायला नको. तो तुमच्याशी खोटं बोलला ते माझ्यासाठी. जे काय बोलायचं ते मला बोला."

नेरिंगा बाकाकडे वळली.

"खाजकुयली?"

ग्विदासचे कान आता लायलॅकच्या जांभळ्या रंगाला जाऊन भिडले होते.

"या क्रुसासमोर सांग अजून एकदा. खाजकुयली?"

"चुकलो," ग्विदास म्हणाला.

"गाढवा, मी तुझा मोसम संपवला आज सकाळी. कोचला तोंडी सांगून आले मी. तो माणूस रडायचा बाकी होता." मग ती डॉक्टरसारखं बोलू लागली. "पण काका, यातून मला काय कळणार? न्हाणीची सूज असेल, सरावाची असेल, दोन्हींची असेल. तुम्ही सांगितलंत म्हणून मी कसं मानू?"

क्लेओपास ग्विदासशेजारी बाकावर बसला, दोन्ही हातांनी गमबूट धरला आणि दात चावत ओढून काढला. मोजा नव्हताच. त्याचा घोटा रात्रभर फुगू दिलेल्या पिठासारखा दिसत होता, आणि त्यावर तेच लाल टिपके, घोट्यापासून पोटरीपर्यंत.

"कुठलीही जुडी मी आधी स्वतःवर मारतो," तो म्हणाला. "वाफेचा अंदाज येतो. हे त्याच शनिवारचं, त्याच जुडीचं. आणि मी काही चेंडू खेळलेलो नाही."

बायका पुढे सरकल्या. माझा नवरा सणाच्या मिरवणुकीत, चर्चभोवतीच्या सगळ्या फेऱ्यांत, या पायाने चालला होता आणि मी त्याला ओल्या गवताबद्दल मनातल्या मनात नावं ठेवली होती.

नेरिंगा गवतात गुडघ्यांवर बसली. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला लावले, एक तरणा, एक म्हातारा. अंगठ्याने आधी एकावर दाबलं, मग दुसऱ्यावर, आणि खळगा भरायला किती वेळ लागतो ते बघितलं. मग ग्विदासची टाच मुठीत धरून पुढे ओढली, आत वळवली, हाडाच्या टोकाखाली बोट रोवलं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"आणि इथे?"

"आई गं," क्लेओपास म्हणाला.

"काका, तुमच्या पायाला माझा हातही लागलेला नाही."

"बघूनच दुखतं."

नेरिंगाने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. उठली, गुडघ्यांवरचं गवत झटकलं.

"सूज कातडीखाली आहे, सगळीकडे सारखी. सांध्यात नाही. सकाळी नीट खरं कळलं असतं तर मी तेव्हाच हे बघितलं असतं. पण मी आज हो म्हणत नाहीये, ऐका सगळ्यांनी. आई, विशेषतः तू. उद्या सराव नाही. बर्फ, पाय वर. बुधवारी सकाळी पुन्हा तपासेन, आणि तेव्हा बोटभर जरी सूज दिसली तर विषय संपला."

"दिसणार नाही," ग्विदास म्हणाला.

"तू तर गप्पच बस. काका, न्हाणीची किल्ली."

"काय?"

"मोसम संपेपर्यंत ती माझ्याकडे राहील."

"आणि मी आंघोळ कुठे करू?"

"तळं आहे की."

"मे महिन्यात? त्यात अजून बेडूकसुद्धा काकडतात."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. हसणं फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू गेलं असेल. क्लेओपास कान पाडून सगळं ऐकत बसला होता. पण बाकावर बसलेल्या पोराने आपला हात त्याच्या खांद्यावर टाकला होता, आणि तो हात त्याने झटकला नाही.

मंगळवारी माझ्या दिवाणावर दोन सुजलेले पाय एकाच उशीवर होते. मी मटार आणि गाजर आलटून पालटून गोठवत होते. दोघांनी दिवसभर किनाऱ्यावरच्या संघाचे जुने सामने पाहिले आणि त्यांच्या उंच मधल्या खेळाडूवरून भांडले.

"तो डावीकडेच वळतो," क्लेओपास म्हणाला.

"सगळ्यांना वाटतं तसं. म्हणून तर उजवीकडून टाकतो."

"मग तू उजवीकडे उभा राहा."

"काका, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. कुठेही उभा राहिलो तरी मला त्याच्या बगलेचाच वास येणार."

दुपारी बिटाचं गार सूप आणि गरम बटाटे वाढले, दोघांनी दोनदा घेतलं. माणूस हरणार असतो तेव्हा असं खात नाही. संध्याकाळी मी क्रुसापाशी गेले आणि नेहमीचं सगळं म्हटलं. संघ जिंकावा म्हणून मी काही मागितलं नाही, मी ते कधीच मागत नाही. किनाऱ्यावरच्या पोरांनाही मावश्या आहेत. मी फक्त एवढंच म्हटलं की जे खरं आहे ते सकाळी नेरिंगाला स्वच्छ दिसू दे.

बुधवारी सकाळी क्लेओपासने मलाही सभागृहात नेलं. एकट्याने जायला घाबरत होता, पण म्हणाला, "तुला जवळून बघायला मिळेल." रिकाम्या सभागृहात चेंडूचा आवाज छातीत घुमतो. नेरिंगाने आधी दोन्ही घोट्यांभोवती फीत लावून मापं घेतली, पुन्हा घेतली. मग ग्विदासला त्याच एका पायावर उड्या मारायला लावल्या, पुढे, बाजूला, मागे. पेटीवरून खाली उडी मारून जागच्या जागी थांबायला लावलं. धावत येऊन तिच्या टाळीसरशी वळायला लावलं. कोच, जो रडायचा बाकी होता, भिंतीला पाठ लावून नखं खात होता. क्लेओपास प्रत्येक उडीबरोबर स्वतःची टाच उचलत होता. सगळं झाल्यावर नेरिंगाने ग्विदासला खाली बसवलं, घोटा हातात घेतला, आणि बराच वेळ ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत दाबत राहिली.

"तुकड्यातुकड्याने," ती कोचला म्हणाली. "पहिल्यापासून नाही. मी हात वर केला की बाहेर. वाद नाही."

कोचने मान हलवली. मग तो क्लेओपासपाशी आला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "काका, पुढच्या वेळी माझ्या टकलावर मारा तुमची जुडी. पोरांना सोडा."

त्या दिवशी याद्विगाने लितानी दुपारीच उरकली. मरिया स्वतः आई आहे, तिला समजतं, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी सभागृहात हलायला जागा नव्हती. ढोल, हिरवे गळपट्टे, आणि कोपऱ्यात किनाऱ्याहून आलेले मूठभर लोक, गळा फाडून गाणारे. सुरुवात आमची वाईट झाली. त्यांचा तो उंच खेळाडू कधी डावीकडून टाकत होता, कधी उजवीकडून. क्लेओपास माझ्या शेजारी टोपी पिळत बसला होता.

दुसऱ्या सत्रात कोचने बोट वर केलं आणि ग्विदास बाकावरून उठला. लोक उभे राहिले. मला पुढचं दिसेना, तर पुढच्या रांगेतल्या एका दणकट माणसाने स्वतःची खुर्ची मोकळी करून मला तिच्यावर चढायला हात दिला.

ग्विदासने पहिला चेंडू टाकला, तो कड्याला लागून बाहेर गेला. दुसरा त्याने टाकलाच नाही, कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या पोराकडे दिला आणि ते तीन गुण आले. मग आमच्या कड्याखाली चेंडू उसळला. त्यांचा उंच खेळाडू, आमचे दोघे आणि ग्विदास, सगळे एकदमच वर गेले. चेंडू ग्विदासच्या हातात आला. तो त्याच पायावर उतरला, आणि वरून त्या उंच माणसाचा अख्खा भार त्याच्या खांद्यावर आला. नेरिंगा बाकावरून उठून उभी राहिली. क्लेओपासने माझ्या पायाला, मी खुर्चीवर उभी होते तिथेच, घट्ट धरलं. आणि तोवर ग्विदास दुसऱ्या टोकाला पोहोचलाही होता, चेंडू पुढच्याच्या हातात देऊन, बोटाने पोरांना जागा दाखवत. नेरिंगा खाली बसली.

तिने दोनदा हात वर केला, दोनदा तो वाद न घालता बाहेर आला. शेवटच्या काही मिनिटांत तिने हात मांडीखाली घेतला आणि त्याच्यावरच बसून राहिली. आम्ही जिंकलो. फार नाही, पण पुरेसं. मालिका बरोबरीत आली, आणि पाचवा सामना शनिवारी किनाऱ्यावर.

खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळात आम्ही गेलो तेव्हा ग्विदास उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला होता आणि नेरिंगा त्याची पट्टी कापत होती. घामाचा आणि मलमाचा वास होता. कोच तिच्या डोक्यावर वाकून उभा होता.

"शनिवारचं काय?" त्याने विचारलं.

तिने अंगठा घोट्याच्या खालच्या बाजूला रोवला आणि दाबला.

"काका, मी सांगत होतो ना," ग्विदास म्हणत होता, "उजवीकडूनच टाकतो. बघितलंत? तिसऱ्या सत्रात दोनदा."

"आणि डावीकडून चारदा. मोजलेत मी."

"ते माझ्यावरून नाही टाकले, दुसऱ्यांवरून टाकले."

नेरिंगाने अंगठा पुढे सरकवला आणि आता सगळा जोर लावून दाबला. तिची बोटं पांढरी पडली. ग्विदासने तिकडे बघितलंही नाही.

"किनाऱ्यावरच्या त्या दोन सामन्यांत मी पहिल्यापासून त्याच्यासमोर असतो ना, काका, तर त्याला एकही मिळाला नसता."

नेरिंगाने पाय खाली ठेवला आणि उठली.

"मग राहा उभा पहिल्यापासून," ती म्हणाली, आणि कोचकडे वळली. "शनिवारी मला विचारू नका. खेळवा त्याला."